निळा रंग पसरण्याआधी : किडनी तपासून घेण्याचे कळकळीचे आवाहन



तुम्हाला मधुमेह असेल, रक्तदाब असेल, मुतखडा होऊन गेला असेल, घरात कुणाची किडनी निकामी झाली असेल किंवा उन्हात राबण्याचे काम असेल, तर याच आठवड्यात दोन तपासण्या करून घ्या. एक लघवीची, एक रक्ताची. लघवीतून अल्ब्युमिन जाते आहे का आणि रक्तात क्रिएटिनिन किती आहे, एवढेच पाहायचे आहे. पुढचे वाचायला वेळ नसेल तर एवढे लक्षात ठेवा आणि घरच्यांना सांगा. वेळ असेल तर मला इतकी घाई का झाली आहे, तेही ऐका.

मी किडनीच्या बायोप्सी वाचते. रुग्ण माझ्यासमोर येत नाही. येतो तो त्याच्या किडनीतून सुईने काढलेला, शेवईसारखा बारीक, एक-दीड सेंटिमीटरचा तुकडा. त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढून, रंगवून, काचपट्टीवर माझ्यापुढे ठेवले जातात. त्यातल्या एका रंगवणीत पेशी लाल दिसतात आणि वण निळा दिसतो. निरोगी किडनीत लाल नलिका एकमेकींना खेटून बसलेल्या असतात आणि त्यांच्या मधून निळ्याची जेमतेम रेघ जाते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी काचपट्ट्यांवर ही रेघ रेघ राहिलेली नसते. नलिका आक्रसून एकमेकींपासून दूर गेलेल्या असतात आणि त्यांच्या मधली सगळी जागा निळ्याने व्यापलेली असते. अहवालात मी लिहिते, ‘वण ६० टक्के’. वयाच्या रकान्याकडे नजर जाते. तिशी, चाळिशी. हात थबकतो.

सोबतच्या केसपेपरवर बहुतेक वेळा एक वाक्य असते : ‘पूर्वी काही त्रास नव्हता.’ ते वाक्य खरे असते. या आजाराची भीती वाटते ती त्यामुळेच. किडनीत वण धरत असताना दुखत नाही. ताप येत नाही. लघवी रोजच्यासारखीच होते. पायावर सूज, अन्नावरची वासना जाणे, धाप लागणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा निम्म्याहून कितीतरी अधिक किडनी गेलेली असते.

नलिकेतली पेशी काय करते

‘किडनी रक्त गाळते’ हे आपण शाळेत शिकलो. ते अर्धेच आहे. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात. आपल्याला लघवी होते ती दीड-दोन लिटर. उरलेले सगळे परत रक्तात कोण आणते? प्रत्येक गाळणीला जोडलेल्या लांबलचक, नागमोडी नलिकेच्या भिंतीतल्या पेशी. गाळलेल्या मीठ-पाण्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग नलिकेच्या पहिल्याच टप्प्यात परत घेतला जातो. साखर आणि अमिनो आम्ले तर जवळजवळ सगळीच तिथे परत घेतली जातात. या कामाला प्रचंड ऊर्जा लागते. म्हणून या पेशी ऊर्जाघरांनी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेल्या असतात आणि मुख्यतः चरबी जाळून चालतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा किडनीकडे येतो खरा, पण किडनीच्या आतल्या भागापर्यंत प्राणवायू बेताचाच पोचतो. घरात सर्वांत जास्त राबावे आणि ताटात सर्वांत शेवटचे यावे, तशी या पेशीची गत आहे. म्हणून कोणतेही संकट आले की पहिला घाव तिच्यावर बसतो.

ही गोष्ट नवी नाही. १९६८ मध्येच लंडनच्या रिस्डन, स्लोपर आणि डी वॉर्डनर या डॉक्टरांनी ‘द लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की गाळण्यांचा आजार असलेल्या रुग्णांतही किडनीचे काम किती घटले आहे, हे गाळण्यांपेक्षा नलिकांच्या अवस्थेवरून जास्त नेमके कळते. आजही बायोप्सी वाचताना रुग्णाचे पुढे काय होणार, याचा अंदाज मी त्या निळ्या रंगावरूनच बांधते.

पेशीचा सांगावा

हा निळा रंग येतो कुठून? त्यामागे एक सांगावा असतो. नलिकेतल्या जखमी पेशीने धाडलेला.

एरवी या पेशी शेजारणींचा हात धरून ओळीने उभ्या असतात. हे हात म्हणजे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन. एखादी पेशी मेली की शेजारच्या पेशी आपले रोजचे काम बाजूला ठेवतात, जरा सैल होतात, विभागतात, खिंडार भरून काढतात आणि पुन्हा ओळीत येऊन कामाला लागतात. साधी इजा असेल तर काही दिवसांत, काही आठवड्यांत नलिका पहिल्यासारखी होते. किडनीची ही ताकद मोठी आहे आणि आपण जगतो ते तिच्या जोरावर.

पण घाव पुन्हा पुन्हा बसत राहिला तर काही पेशी या दुरुस्तीच्या मध्येच अडकतात. विभागायला निघालेली पेशी अर्ध्या वाटेवर थांबते. मागे फिरून कामाला लागत नाही आणि पुढे जाऊन विभागतही नाही. २०१० मध्ये बोस्टनच्या जोसेफ बॉनव्हेंट्र यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर दाखवले की अशा अडकलेल्या पेशी वण धरवणारी संदेश-प्रथिने सोडत राहतात. त्यातले सर्वांत बलवान प्रथिन म्हणजे टीजीएफ-बीटा.

टीजीएफ-बीटा आपल्या ऊतींमध्ये आधीपासूनच असतो, पण कुलूपबंद. जखमेच्या वेळी पेशीच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन नावाची प्रथिने ते कुलूप ओढून उघडतात. मोकळा झालेला टीजीएफ-बीटा पेशीच्या दारावरच्या एका ग्राहीला बिलगतो. तो ग्राही शेजारच्या दुसऱ्या ग्राहीला जागे करतो. दुसरा ग्राही आत थांबलेल्या स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या निरोप्यांच्या अंगावर फॉस्फेटची खूण चढवतो. खूण चढली की ते स्मॅड-४ ला बरोबर घेऊन थेट पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि जनुकांना आज्ञा देतात : कोलॅजन बनवा, फायब्रोनेक्टिन बनवा, शेजारणीचा हात सोडा. गर्भात किडनी घडताना जागी असलेली आणि मोठेपणी निजलेली विंटसारखी इतर संदेशतंत्रेही याच वेळी जागी होतात.

सांगावा आजूबाजूलाही पोचतो. नलिकांच्या मधल्या जागेत, केशवाहिन्यांना लगटून काही शांत पेशी राहत असतात. हाक ऐकून त्या अंगात बळ आणतात, स्नायूंसारख्या आकसू लागतात आणि कोलॅजनचे जाळे विणू लागतात. खिंडार बुजवायला गवंडी बोलवावेत तसे हे. वेळेवर थांबणारा गवंडी घर वाचवतो. पण इथे बोलावणारी पेशी बोलावतच राहते, म्हणून गवंडीही लिंपतच राहतात. या संदेशाला एक लगामही आहे, स्मॅड-७ नावाचा. वण धरलेल्या किडनीत नेमका तोच नष्ट केला जातो. लिंपणाखाली केशवाहिन्या दबून नाहीशा होतात, आधीच तुटपुंजा असलेला प्राणवायू आणखी घटतो, उरलेल्या पेशी गुदमरतात आणि त्याही हाका मारू लागतात. मूळचा आजार थोपला तरी किडनी खालावत जाते, ती या दुष्टचक्रामुळे.

ही पेशी अजून तिथेच आहे

या विषयावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षे वाद झाला आणि त्या वादाचा निकाल आपल्यासाठी दिलासा देणारा आहे. २००२ च्या सुमारास असे वाटत होते की नलिकेतल्या पेशीच आपली जागा सोडतात, भिंतीबाहेर पडतात आणि वण विणणाऱ्या पेशी बनतात. तसे असते तर गेलेली पेशी कायमची गेली, असेच म्हणावे लागले असते. पुढे पेशींना खुणा करून त्यांचा माग काढणाऱ्या प्रयोगांत दिसले की विणकाम करतात त्या प्रामुख्याने मधल्या जागेतल्या पेशी. २०१५ मध्ये स्पेनमधल्या अँजेला निएटो आणि अमेरिकेतल्या रघु कल्लुरी यांच्या गटांनी एकाच सुमारास स्वतंत्रपणे दाखवले की नलिकेतली पेशी फक्त अर्धीच बदलते. ती भिंत सोडत नाही. आपले काम विसरते, शेजारणीचा हात सैल करते, मदतीच्या हाका मारते, पण असते तिथेच. उंदरांमध्ये हा अर्धा बदल रोखला तेव्हा वणही कमी धरला.

त्याच वर्षी कॅटलिन सुस्टाक यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला. वण धरलेल्या किडनीत नलिकेतल्या पेशी चरबी जाळेनाशा होतात, त्यांची चूलच थंडावते, आणि चूल पुन्हा पेटवली तर उंदरांमधला वण कमी होतो.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगते आहे, कारण लोकांच्या मनात ‘किडनी खराब झाली म्हणजे संपले’ हे घट्ट बसले आहे. सुरुवातीच्या टप्प्यात तसे नसते. तेव्हा ती पेशी जिवंत असते, आपल्या जागी असते आणि तिला शांत करता येते. आपल्याला फक्त तिची हाक वेळेवर ऐकायची आहे.

‘मग टीजीएफ-बीटाच बंद करणारे औषध का देत नाही?’ असे तुम्ही विचाराल. करून पाहिले गेले आहे. मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या रुग्णांना टीजीएफ-बीटा अडवणारे प्रतिपिंड देऊन पाहिले. उपयोग दिसला नाही, चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि २०१७ मध्ये तसे प्रसिद्धही झाले. हेच प्रथिन शरीरात दाह आवरते आणि कर्करोगाच्या पेशींनाही वेसण घालते. त्याला सरसकट गप्प करणे सोपे नाही. संशोधन चालू आहे आणि ते चालू राहिलेच पाहिजे. पण तोपर्यंत आपल्या हातात असलेला मार्ग हा की पेशीला हाक मारायला लावणारे घावच थांबवायचे.

घाव कुठून बसतात

पहिला घाव साखरेचा आणि दाबाचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि सुमारे साडेएकतीस कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. वाढलेला दाब गाळणीला भोक पाडतो. त्यातून अल्ब्युमिन निसटते आणि नलिकेत उतरते. नलिकेतली पेशी ते परत उचलू पाहते, त्या ओझ्याखाली वाकते आणि दाहाचे संदेश सोडते. म्हणजे लघवीत सापडणारे अल्ब्युमिन हा आजाराचा पुरावा आहे आणि पुढच्या घावाचे कारणही.

दुसरा घाव अडलेल्या मार्गाचा. प्रयोगशाळेत किडनीतल्या वणाचा अभ्यास करायचा असतो तेव्हा उंदराची एक मूत्रवाहिनी बांधतात. एक-दोन आठवड्यांत त्या किडनीत निळा रंग पसरतो. आपल्याकडे हाच प्रयोग मुतखडा आणि वाढलेले प्रोस्टेट माणसांवर करत असतात. ‘कळ थांबली, म्हणजे खडा पडला’ असे समजून गप्प बसू नका. अडकून बसलेला खडाही दुखायचा थांबू शकतो आणि वरच्या बाजूला किडनी फुगत, झिजत राहते. कळ थांबली तरी सोनोग्राफी करून खडा खरेच पडला का, ते पाहा.

तिसरा घाव आपणच विकत आणतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीत येणाऱ्या रक्ताची वाट आकसतात. गुडघ्यासाठी, कंबरेसाठी, थकव्यासाठी महिनोन् महिने त्या घेणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, त्यात जुलाब-उलट्या झालेल्या असताना वरून ही गोळी घेतली तर दोन दिवसांतही किडनी बसू शकते.

चौथा घाव नाव-गाव नसलेल्या औषधांचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी झाडपाल्याच्या गोळ्या घेतलेल्या, तोवर धडधाकट असलेल्या कितीतरी स्त्रियांच्या किडन्या झपाट्याने निकामी झाल्या. बायोप्सीत नलिकांच्या मधली जागा वणाने भरून गेली होती. दोष निघाला ॲरिस्टोलोकिक आम्लाचा. नलिकेतल्या पेशी ते स्वतःच आत ओढून घेतात, ते डीएनएला चिकटते आणि पेशी विभागणीच्या मध्यावर अडकते. बॉनव्हेंट्र यांच्या प्रयोगांत पेशींना अडकवण्यासाठी वापरलेल्या मार्गांपैकी एक हेच विष होते. आपल्याकडची ईश्वरी ही वेल हे आम्ल असलेल्या वनस्पतींच्याच कुळातली आहे. ‘झाडपाला आहे, अपाय कसला?’ हे वाक्य कृपा करून मनातून काढून टाका. कोणते औषध, त्यात काय आहे, किती दिवस घ्यायचे, हे लिहून न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

पाचवा घाव उन्हाचा. एल साल्वाडोर आणि निकाराग्वामध्ये ऊसतोड करणारे तरुण मजूर, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातले शेतकरी, आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागातले कष्टकरी यांच्यात किडनी निकामी होण्याचे प्रमाण भयावह आहे. यांतल्या कितीतरी जणांना मधुमेह नाही, रक्तदाब नाही. बायोप्सीत गाळण्या पुष्कळशा शाबूत आणि नलिका वणात बुडालेल्या. गोव्यातल्या काणकोण तालुक्यातही असे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आहेत. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या गावांत, लोक वर्षानुवर्षे किडनीच्या आजाराचे गाऱ्हाणे मांडत आले आहेत. ऊन, शरीरातले पाणी आटणे, पिण्याचे पाणी, शेतीतली रसायने यांपैकी कुठे कशाचा वाटा किती, यावर अजून अभ्यास चालू आहे. पण निकाराग्वात ऊसतोड मजुरांना ठरावीक वेळेला पाणी, सावली आणि विश्रांती द्यायला लागल्यावर किडनीच्या इजा कमी झाल्या, हे दिसून आले आहे. सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. मराठवाड्यातून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांना पाणी आणि सावली द्यायला कोणत्याही अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

हाक ऐकायची कशी

लघवीची तपासणी मागताना ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’ किंवा ‘एसीआर’ असे स्पष्ट सांगा. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना उत्तम. आकडा ३० च्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गाळणी झिरपू लागली आहे. ३०० च्या वर म्हणजे वेळ दवडू नका. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, भारी व्यायाम यांनीही आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून पहिल्याच आकड्याने घाबरून जाऊ नका. पुन्हा तपासा. तीन महिने वाढलेलाच राहिला तर तो खरा.

रक्तातले क्रिएटिनिन तपासले की प्रयोगशाळेकडून ‘ईजीएफआर’ मागून घ्या. नुसते क्रिएटिनिन फसवते. बारीक अंगाच्या बाईमाणसाचे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च्या रकान्यात दिसते आणि तोवर किडनीचे निम्मे काम गेलेले असू शकते. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली असेल तर तो किडनीचा आजार आहे, दुखत असो वा नसो. उन्हात राबणाऱ्यांच्या लघवीत सुरुवातीला अल्ब्युमिन फारसे जात नाही, म्हणून त्यांनी रक्ताची तपासणी टाळूच नये.

आणि आजार सापडला तर? करण्यासारखे आज पुष्कळ आहे. अँजिओटेन्सिन-२ हे रक्तदाब वाढवणारे द्रव्य नलिकेतल्या पेशींना टीजीएफ-बीटा बनवायला लावते. त्याला अडवणाऱ्या लोसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्या गाळणीवरचा दाब कमी करतात आणि हा संदेशही क्षीण करतात. मधुमेही रुग्णांमध्ये लोसार्टन किडनीचा ऱ्हास मंदावते, हे २००१ मध्येच सिद्ध झाले. दुसरा गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांचा. ही औषधे नलिकेच्या पहिल्या टप्प्यातल्या पेशींवरच काम करतात. साखर परत उचलण्याचा त्यांचा बोजा उतरवतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४,३०४ रुग्णांच्या चाचणीत डापाग्लिफ्लोझिन इतके उपयोगी ठरले की ती चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवण्यात आली. मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही फायदा झाला. भारतात आज ते औषध जेनेरिक मिळते. ही औषधे आपल्या मनाने सुरू करू नका, पण ‘मला ती लागू आहेत का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

माझे मागणे

घरातल्या कर्त्या माणसांना : मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची एसीआर आणि क्रिएटिनिनची तपासणी वर्षातून एकदा, ठरावीक तारखेला करा. पाडवा, दसरा, वाढदिवस, कोणताही दिवस धरा, पण चुकवू नका. घरातल्या बायकांची तपासणी आधी करा, कारण त्यांची नेहमी राहून जाते. गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असेल तर बाळंतपणानंतरही त्यांची किडनी तपासत राहा.

डॉक्टरांना : साखर आणि बीपी पाहून चिठ्ठी लिहिता, त्या चिठ्ठीवर एसीआरही लिहा. गोळ्या देताना जुलाब-उलट्या झाल्या तर कोणत्या थांबवायच्या, तेही रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहून द्या.

मेडिकल दुकानदारांना : तुमच्याकडे रोज तीच वेदनाशामक गोळी मागायला येणारा माणूस तुम्ही चेहऱ्याने ओळखता. त्याला एकदा थांबवा. ‘काका, आधी किडनी तपासून या’, एवढे म्हणा. तुमच्या शब्दाला गावात वजन आहे.

साखर कारखान्यांना, मुकादमांना आणि ठेकेदारांना : फडावर पिण्याचे स्वच्छ पाणी, सावलीची जागा आणि ठरलेली विश्रांती द्या. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक मजुराचे क्रिएटिनिन तपासा. मजुरी तोडलेल्या टनांवर ठरते, त्यामुळे मजूर स्वतःहून थांबणार नाही. त्याला थांबवण्याची जबाबदारी तुमची आहे.

ग्रामपंचायतींना आणि आशाताईंना : ३० वर्षांवरील सगळ्यांचे बीपी आणि शुगर तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम गावात आहेच. ज्यांचे आकडे वाढलेले निघतील, त्यांची लघवी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी काडी बुडवून पाहा. खारपाणपट्ट्यातल्या गावांनी पिण्याच्या पाण्याचे आणि किडनीच्या रुग्णांचे दप्तर ठेवावे. नोंद नसलेल्या दुःखाची दखल कुणी घेत नाही.

शासनाला आणि विद्यापीठांना : मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने किडनीच्या आरोग्याबद्दल ठराव केला आणि वेळीच निदान करण्यावर भर दिला. डायलिसिस केंद्रे हवीतच. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जखडलेल्या माणसाला आणि त्याच्यासोबत मजुरी बुडवून बसणाऱ्या नातलगाला त्यांचा आधार आहे. पण यंत्रापर्यंत पोचायचीच वेळ येऊ नये, यासाठीही तितकाच पैसा खर्च करा. अमेरिकेत रुग्णांच्या संमतीने दिलेल्या बायोप्सींमधून एकेका पेशीतले संदेश वाचण्याचा मोठा प्रकल्प २०१७ पासून चालू आहे. बीडच्या ऊसतोड मजुराच्या, काणकोणच्या शेतकऱ्याच्या, बुलढाण्याच्या गृहिणीच्या पेशी काय सांगतात, तेही वाचले गेले पाहिजे.

आणि ज्यांची बायोप्सी होणार आहे, त्यांना : संशोधनासाठी थोडा भाग ठेवू का, असे कुणी रीतसर, समजावून विचारले, तर शंका मोकळेपणाने विचारा आणि समाधान झाले तर ‘हो’ म्हणा. तुमच्या त्या शेवईएवढ्या तुकड्यातून उद्याचे औषध निघू शकते.

शेवटी, ज्या एका निष्कर्षाच्या जोरावर मी हे पत्र लिहायला बसले, तो सांगते. १९९८ मध्ये पाओला फिओरेटो आणि मायकेल माउअर यांनी ८ मधुमेही रुग्णांच्या बायोप्सी प्रसिद्ध केल्या. या रुग्णांवर स्वादुपिंडाचे प्रत्यारोपण झाले होते आणि त्यांची साखर पूर्णपणे ताळ्यावर आली होती. पाच वर्षांनी त्यांच्या किडनीत काहीच सुधारणा दिसली नाही. तिथेच हात टेकता आले असते. पण दहा वर्षांनी पुन्हा बायोप्सी केली तेव्हा गाळण्यांमधले जुने व्रण ओसरलेले दिसले. पुढे त्याच रुग्णांच्या नलिकांभोवतीही साचलेले कोलॅजन कमी झाल्याचे आढळले.

घाव थांबला तर किडनी आपला वण स्वतः पुसू शकते. तिला त्यासाठी दहा वर्षे लागतात. माझ्या टेबलावर काचपट्टी येते तेव्हा रुग्णाच्या हातात बहुधा तितकी वर्षे उरलेली नसतात. ज्याच्या लघवीत आज नुकतेच अल्ब्युमिन दिसू लागले आहे, त्याच्या हातात ती अजून आहेत. ती व्यक्ती तुम्ही असू शकता, तुमची आई असू शकते, शेजारचा रिक्षावाला असू शकतो. म्हणून विनवते, या आठवड्यात लघवीचा आणि रक्ताचा नमुना द्या.

आपली,
किडनीच्या बायोप्सी वाचणारी एक डॉक्टर